शाडूची मूर्ती खरंच विरघळते का? (मीठ, साखर, चुना आणि बादलीतलं गढूळ पाणी)

अबोली

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. शाडूची मूर्ती आणतो आणि अंगणात मोठ्या बादलीत विसर्जन करतो. यंदा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहावीतली लेक बादलीपाशी उकिडवी बसली होती. म्हणाली, "आई, तू म्हणालीस बाप्पा पाण्यात विरघळतो. पण साखर विरघळली की सरबत स्वच्छ दिसतं. हे पाणी गढूळ का?"

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल. तिला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण "विरघळणे" हा शब्द आपण निदान तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, असं मला त्या दिवशी जाणवलं.

शाडू विरघळत नाही, विखुरते. पाणी मातीच्या पापुद्र्यांमध्ये शिरतं, मूर्ती भिजते, ढासळते आणि तिचे कण सुटे होतात. पण कण मातीचेच राहतात. चिकणमातीचा कण साधारण २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून लहान असतो. १ मायक्रॉनच्या कणाला स्थिर पाण्यात फूटभर खाली यायला गणिताने जवळपास चार दिवस लागतात, म्हणून पाणी इतका वेळ गढूळ राहतं. शिवाय या कणांवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. तुरटी फिरवली की तिच्यातलं ॲल्युमिनिअम हा प्रभार मारतं, कणांचे पुंजके होतात आणि पाणी निवळतं. निवळतं, हा शब्द बघा. जे निवळू शकतं ते विरघळलेलं नव्हतं. मीठ घातलेलं पाणी वर्षभर झाकून ठेवलं तरी मीठ तळाशी बसणार नाही.

साखरेचा रेणू साधारण १ नॅनोमीटरचा, म्हणजे त्या मातीच्या कणापेक्षा हजार पटींनी लहान. तो प्रकाशालाही अडवत नाही. अंधाऱ्या खोलीत एका पेल्यात साखरेचं पाणी, दुसऱ्यात दोन थेंब दूध घातलेलं पाणी ठेवा आणि बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा. दुधाच्या पेल्यात प्रकाशाचा पट्टा दिसतो, साखरेच्या पेल्यात दिसत नाही. लेकीला हा प्रयोग फार आवडला. तिने मग घरातलं जे सापडेल ते पेल्यात घालून पाहिलं.

आता मीठ का विरघळतं ते. पाण्याच्या रेणूत मधे ऑक्सिजन आणि त्याला १०४.५ अंशांच्या कोनात दोन हायड्रोजन जोडलेले असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतो, म्हणून त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन. मिठाच्या खड्यात धन सोडिअम आणि ऋण क्लोराइड आळीपाळीने रचलेले. अशा प्रभार असलेल्या कणांना आयन म्हणतात. खडा पाण्यात पडला की कोपऱ्यावरचे आणि कडेचे आयन आधी सापडतात, कारण त्यांना शेजारी कमी. सोडिअमभोवती पाणी ऑक्सिजनची बाजू करून उभं राहतं, क्लोराइडभोवती हायड्रोजनची. एकदा असा वेढा पडला की ते दोघे पुन्हा एकमेकांना ओढायला दुबळे होतात, कारण पाण्यात प्रभारांमधलं आकर्षण हवेतल्यापेक्षा सुमारे ८० पटींनी कमी असतं.

साखरेत आयन नाहीत. तिचा रेणू अख्खाच्या अख्खा सुटतो. त्याच्यावर आठ ठिकाणी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते आणि तिथे पाण्याला हायड्रोजन बंधाने धरता येतं. तेलाच्या रेणूवर असं धरायला जवळजवळ काहीच नाही. तेल आणि पाण्याचं वैर आहे असं म्हणतात, पण मला ते तसं वाटत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की तेलासाठी ते आपली साखळी मोडत नाहीत, इतकंच.

तुमच्या स्वयंपाकघरात, शेतात, कामावर काय विरघळतं आणि काय विरघळत नाही, ते लिहा. लेक वाचणार आहे.

खलबत्ता

ताई, मग प्लास्टरच्या मूर्तीचं काय? आमच्या सोसायटीत एक मूर्ती पिंपात सहा दिवस होती. रंग पाण्यावर तरंगत होता, पण सोंड जशीच्या तशी. ते अजिबातच विरघळत नाही का?

अबोली

खलबत्ता, विरघळतं. "अजिबात नाही" असं पाण्याबाबत फार थोड्या पदार्थांना म्हणता येईल. प्रश्न किती विरघळतं आणि किती वेळात, हा असतो.

प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवलं की ते पाणी शोषून घट्ट होतं आणि त्याचं जिप्सम बनतं, म्हणजे कॅल्शिअम सल्फेट. इथेही आयनच आहेत, पण कॅल्शिअमवर दोन धन प्रभार आणि सल्फेटवर दोन ऋण. दोघांची मिठी मिठाच्या आयनांपेक्षा कितीतरी घट्ट. १ लिटर पाण्यात मीठ सुमारे ३६० ग्रॅम मावतं, जिप्सम जेमतेम २.५ ग्रॅम. म्हणजे ५ किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला किमान २००० लिटर पाणी हवं. तुमचं पिंप २०० लिटरचं असेल तर त्यात फार तर अर्धा किलो जाईल, मग ते पाणी संपृक्त होईल, म्हणजे त्यात आणखी मावणार नाही. त्यानंतर मूर्ती त्यात वर्षभर ठेवली तरी तिथेच थांबेल.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर जी पद्धत शोधली तिचं मला मनापासून कौतुक आहे. पाण्यात अमोनिअम बायकार्बोनेट घालायचं आणि त्यात मूर्ती ठेवायची. पुणे महापालिकेने विसर्जनासाठी ते लोकांना वाटलंही. यात घडतं असं: जिप्सममधून जो थोडा कॅल्शिअम पाण्यात उतरतो त्याला कार्बोनेट लगेच पकडतं आणि त्याचा खडू होऊन तळाशी बसतो. खडूची विद्राव्यता जिप्समपेक्षाही शंभराहून अधिक पटींनी कमी, म्हणून तो परत येत नाही. पाण्यात कॅल्शिअम उरला नाही की जिप्सम आणखी कॅल्शिअम सोडतं, तोही पकडला जातो, आणि हे चालूच राहतं. संपृक्त होण्याची वेळच येऊ द्यायची नाही, ही त्यातली युक्ती. वर उरतं ते अमोनिअम सल्फेटचं द्रावण. ते खत आहे.

हिशोबाने मूर्तीच्या वजनाच्या जवळपास इतकंच बायकार्बोनेट लागतं. अमोनियाचा वास येतो आणि बुडबुडे निघतात, त्यामुळे बादली उघड्यावर ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचं नाही.

द्राक्षबाग

अबोलीताई, तुम्ही कॅल्शिअम आणि सल्फेट म्हणालात आणि मला माझे ड्रिपर आठवले.

आमची निफाड तालुक्यात द्राक्षं आहेत. ठिबकमधून विद्राव्य खतं देतो. सुरुवातीच्या वर्षी एकाच टाकीत कॅल्शिअम नायट्रेट आणि ०:०:५० टाकलं. दोन्ही पाकिटांवर "पूर्णपणे पाण्यात विरघळणारे" छापलेलं. दोन्ही वेगवेगळी विरघळतातही छान. एकत्र केल्यावर टाकीत दुधासारखं पांढरं झालं. मला वाटलं खत अजून विरघळायचंय, म्हणून ढवळत राहिलो. ढवळून काय होणार? ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. एकातला कॅल्शिअम आणि दुसऱ्यातला सल्फेट भेटले आणि टाकीत जिप्सम तयार झालं. तीच तुमची मूर्ती, भुकटीच्या रूपात. फिल्टर चोंदला, पुढच्या लॅटरलमधले (वेलींच्या ओळीने जाणाऱ्या ठिबकच्या नळ्यांमधले) ड्रिपर बंद पडले आणि ऐन मण्यांच्या फुगवणीत वेली पाण्याविना राहिल्या. ते अजून मनाला लागून आहे.

म्हणून इथे जे शेतकरी वाचत असतील त्यांना कळकळीने सांगतो. कॅल्शिअम नायट्रेट एकटं द्या. त्याच्याबरोबर सल्फेटचं खत नको आणि ०:५२:३४ सारखं फॉस्फेटचंही नको. कॅल्शिअम फॉस्फेट तर जिप्समपेक्षा वाईट. शंका असेल तर काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात थोडंसं मिसळून तासभर ठेवा. साका बसला की टाकीत तेच होणार.

आणखी एक. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते. संध्याकाळी १३:०:४५ चं घट्ट द्रावण करून ठेवलं तर सकाळी तळाला सुयांसारखे स्फटिक दिसतात. भेसळ नाही ती.

अबोली

बरोबर, भेसळ नाही. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात ते सुमारे ३२ ग्रॅम मावतं, शून्य अंशाला फक्त १३. रात्री पाणी थंड झालं की जास्तीचं बाहेर पडतं. कोमट पाणी घालून ढवळलंत की परत जाईल.

द्राक्षबाग, युरिया विरघळवताना बादली थंड पडते, हे पाहिलंय का?

द्राक्षबाग

हो, बाहेरून दव धरतं कधीकधी. का होतं तसं?

अबोली

स्फटिक मोडायला ऊर्जा लागते आणि पाण्याने कणांना वेढलं की ऊर्जा सुटते. या दोन्हींचा ताळेबंद म्हणजे गरम किंवा गार. युरियात मोडण्याचा खर्च जास्त, परतावा कमी, म्हणून फरक पाण्यातूनच घेतला जातो आणि बादली गार पडते. कळीच्या चुन्यावर पाणी घातलं की ते उकळतं, पण तिथे नुसतं विरघळणं नसून नवा पदार्थ बनतो.

मिठात हा हिशोब जवळजवळ बरोबरीत सुटतो, किंचित तोटाच होतो. तरी मीठ आनंदाने विरघळतं. याचं कारण मी मुलांना असं सांगते: खड्यात प्रत्येक आयनाची जागा ठरलेली, पाण्यात त्याला कुठेही असता येतं. रांगेत बसायची पद्धत एक, मैदानात विखुरण्याच्या पद्धती अगणित. निसर्गात गोष्टी अगणिताच्या बाजूला सरकतात, थोडी ऊर्जा खर्चून का होईना.

दगडीपाटा

गरम पाण्यात सगळंच जास्त विरघळतं ना? सरबताची साखर आम्ही आधी कोमट पाण्यात विरघळवतो, बर्फ नंतर.

अबोली

सगळं नाही. साखर होय: २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २०० ग्रॅम, उकळत्या पाण्यात पावणेपाचशेच्या पुढे. मीठ ३६ वरून फक्त ३९. आणि चुना तर उलट, पाणी तापवलं की कमी विरघळतो. २० अंशांना लिटरला १.७ ग्रॅम, उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहून कमी. कोहळ्याच्या पेठ्यासाठी चुन्याची निवळी करतात ती म्हणूनच गार पाण्यात. पाण्यात विरघळलेले वायूही उष्णतेने निघून जातात. ० अंशांना लिटरभर पाण्यात १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, ३० अंशांना ७.६. उन्हाळ्यात तळ्यातले मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात, त्यामागे हेही एक कारण असतं.

सरबताचं तुमचं बरोबर. फक्त तिथे दोन गोष्टी मिसळतात, किती मावतं आणि किती लवकर. चमचाभर साखर बर्फाच्या पाण्यातही मावते, पण वेळ लागतो. ढवळल्याने किंवा पिठीसाखर घेतल्याने जास्त साखर मावत नाही, लवकर जाते. खड्याला चिकटून गोड पाण्याचा थर बसतो, चमचा तो थर हलवतो. अजिबात हालचाल नसलेल्या पाण्यात साखरेच्या रेणूने आपला आपण तळापासून पाच सेंटिमीटर वर यायचं म्हटलं तर जवळपास महिना लागेल.

समईची वात

अबोली, मी याच्या उलट बाजूचं लिहू का? पाण्यातून साखर परत आणण्याचं.

माझी सासू संक्रांतीचा काटेरी हलवा घरी करायची, आता मी करते. साखरेचा पाक गाळून घ्यायचा. परातीत खसखस किंवा तीळ, खाली अगदी मंद आच. चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. ओल सुकली की पुढचा चमचा. पहिल्या दिवशी दाणे नुसते पांढरे होतात, काटा नंतरच्या दिवसांत येतो. घाई करून जास्त पाक घातला की दाणे चिकटतात आणि आलेला काटा बसून जातो. आभाळ आलं की सासूबाई परात झाकून ठेवायच्या, म्हणायच्या "आज काटा येणार नाही". कोरडी थंडी लागते.

मला कायम वाटायचं, पाक भांड्यात नुसता राहिला तर खाली साखर बसत नाही, मग दाण्यावर कशी बसते?

अबोली

किती सुंदर प्रश्न. पाक आटवला की पाण्यात मावेल त्याहून जास्त साखर त्यात अडकून राहते. तिला बाहेर यायचं असतं, पण पहिला स्फटिक रचणं अवघड असतं. आधीच बसलेल्या स्फटिकावर जाऊन बसणं सोपं. तुम्ही दाण्यावर जो पातळसा थर चढवता तो सुकताना साखरेला ती तयार जागा मिळते, आणि साखर साखरेवर रचली जाते. दमट हवेत पाणी उडत नाही, म्हणून थर ओलाच राहतो आणि नवा पाक जुना काटा परत विरघळवतो. सासूबाईंचं निरीक्षण पक्कं होतं.

लाडवाच्या पाकात लिंबू पिळतात ते याच्या बरोबर विरुद्ध कामासाठी. आम्लाने थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. ते रचनेत बसत नाहीत, मधे मधे येतात, आणि पाकाची पुन्हा साखर होत नाही.

कंदील

शाळेत आम्हाला शिकवलं होतं की काठोकाठ भरलेल्या पेल्यात चमचाभर साखर घातली तरी पाणी सांडत नाही, कारण साखर पाण्याच्या रेणूंमधल्या मोकळ्या जागांत जाऊन बसते. हे इथे कुणी लिहिलं नाही म्हणून आठवण करून देतो.

अबोली

कंदील, हे मीही असंच शिकले होते, आणि याबद्दल मला जरा जोर देऊन लिहायचंय. साखरेच्या बाबतीत ते बरोबर नाही. १०० ग्रॅम साखरेचे स्फटिक स्वतः सुमारे ६३ मिलिलिटर जागा घेतात. पाण्यात विरघळल्यावर पाण्याचं आकारमान सुमारे ६२ मिलिलिटरने वाढतं. म्हणजे ती जवळजवळ पूर्ण जागा घेते. मोजपात्र असेल तर घरी करून बघता येतं.

मग पेला सांडत का नाही? ५ ग्रॅमचा चमचा ३ मिलिलिटर वाढवतो. सात सेंटिमीटर रुंद पेल्यात तेवढ्याने पातळी एक मिलिमीटरही चढत नाही, आणि पृष्ठताणामुळे पाणी काठाच्या वर तेवढं फुगून राहू शकतं. साखरेऐवजी सावकाश ३ मिलिलिटर पाणी घाला, तेही सांडणार नाही.

मिठात मात्र थोडं तथ्य आहे. पाणी भरपूर असेल तर विरघळलेलं मीठ खड्याच्या आकारमानाच्या साठ टक्क्यांच्या आसपासच भर घालतं. कारण मोकळ्या जागा नव्हेत. आयन आपल्याभोवतीच्या पाण्याला जवळ ओढून दाटीने बसवतात.

कंदील

मोजून बघितलं. २०० मिलिलिटर पाण्यात ५० ग्रॅम साखर घातली, ढवळून २३० च्या किंचित वर आलं. इतकी वर्षं मुलांना चुकीचं सांगत होतो, आता त्यांना मोजायला लावतो. धन्यवाद.

खाजण

माझं आजोळ उरणकडचं, मिठागराचं. वाचता वाचता वाटलं की आमच्याकडे हा अख्खा धागा उन्हात पसरलेला असतो.

समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं खाण्याचं मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. भरतीचं पाणी आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत आटवतात. लोकांना वाटतं सगळं पाणी आटवलं की मीठ. तसं केलं तर ते मीठ तोंडात धरवणार नाही. आधी खडूसारखा क्षार बसतो. मग पाणी पाव-पंचमांश राहिलं की जिप्सम. हो, तेच तुमचं मूर्तीचं आणि द्राक्षबागेतलं जिप्सम. ते आधीच्या वाफ्यांत बसू देतात. पाणी साधारण दहाव्या हिश्शावर आलं, बोमे मीटरवर (पाण्याची घनता मोजायचं साधन) २५ अंशांच्या आसपास, की शेवटच्या वाफ्यात मीठ धरायला लागतं.

आणि शेवटचं पाणी सोडून द्यायचं. ते कडू असतं. त्यात मॅग्नेशिअमचे क्षार, ते सर्वांत जास्त विरघळणारे म्हणून सर्वांत शेवटपर्यंत पाण्यात राहतात. ते मिठात सुकले तर मीठ कडवट होतंच, शिवाय पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेतं. बरणीतल्या खड्याच्या मिठाला पाणी सुटतं ते बरंचसं या मॅग्नेशिअमच्या क्षारामुळे. मामा सांगायचे, कडू पाणी वेळेवर सोडलं की मीठ कोरडं राहतं.

समईची वात

खाजण, हे फार आवडलं. कमी विरघळणारा आधी बसतो आणि जास्त विरघळणारा शेवटपर्यंत राहतो, आणि तुमची माणसं एकेकाला वेगळ्या वाफ्यात बसवतात. यावर स्वतंत्र धागा काढा ना.

द्राक्षबाग

+१. आणि हळदीचं कुणी सांगा. पाण्यात टाकली की तळाशी बसते, फोडणीत टाकली की सगळं तेल पिवळं.

अबोली

हळदीचा रंग म्हणजे कुरकुमिन. पाण्यात ते जवळजवळ उतरत नाही, तेलात छान उतरतं. मिरचीचा जाळही तसाच, म्हणून ठसका लागल्यावर पाण्याने भागत नाही, दह्याने भागतं.

आता आमच्या बादलीची हकिगत. पाचव्या दिवशी पाणी वरून निवळलं, खालची माती आम्ही जास्वंदीच्या कुंडीत घातली. खलबत्तांचा प्रश्न लेकीने मनावर घेतला होता. जुन्या प्लास्टरच्या शोभेच्या वस्तूचा रंग नसलेला २० ग्रॅमचा तुकडा तिने १ लिटर पाण्यात ठेवला आणि रोज शाळेतून आल्यावर ढवळला. आठवड्याने तुकडा सावलीत नीट वाळवून लहान काट्यावर ठेवला, तर १८ ग्रॅम भरला. मग त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातलं थोडं तिने काळ्या ताटलीत ओतून खिडकीत सुकू दिलं. काल संध्याकाळी ताटलीत बारीक, चकचकीत सुया उमटल्या होत्या. भिंग घेऊन ती अजून त्यांचं चित्र काढतेय.